तेवण ठेवणारं गाव

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून वाढीला लागलेले होते आणि दर पावसाळ्यानंतर त्यांना हिरवा अंगरखा तोकडा पडायचा. कावळे तेव्हा माणसांसारखे बोलत, आणि माणसं कावळ्यांसारखी ओरडत नसत. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर नुसतं ऐका. ऐकल्यानं कान काही झिजत नाहीत.

त्या काळी दोन राज्यांच्या मधल्या खिंडीत एक गाव होतं. अलीकडे रान, पलीकडे रान, आणि मधून जाणारी एक पायवाट. वाट अशी नामी, की शेळ्यासुद्धा उतरताना पुढचीचं शेपूट तोंडात धरत. पण दोन्ही राज्यांतल्या वाटसरूंना त्याच वाटेनं जावं लागे, आणि दिवस कलला की त्याच गावाशी यावं लागे.

गावाची आपली स्वतःची बोली होती. त्या बोलीत एक शब्द होता, तो आसपासच्या कुठल्याच मुलखात नव्हता. तो शब्द म्हणजे तेवण.

आता तेवण म्हणजे काय, तर संध्याकाळी चुलीवरून कालवण उतरलं, की घरातल्या कोणाच्याही ताटात पडण्याआधी एक भाकरी आणि वाटीभर कालवण बाजूला निघे. ते चुलीच्या वैलावर, म्हणजे शेजारच्या जोडचुलीवर, निखाऱ्याच्या उबेला, दुरडीखाली झाकून ठेवत. हे तेवण. ते घरातल्या कोणाचं नसे. जो अजून वाटेवर आहे, ज्याचं नावगाव कोणाला ठाऊक नाही, त्याचं ते असे. वाटसरूनं दारात उभं राहून एवढंच विचारायचं, "तेवण हाय का?" घरातून एवढंच उत्तर यायचं, "हाय. हात धुवा."

कोणी त्याला कुठला म्हणून विचारत नसे. तोही कोणाचे उपकार मानत नसे. स्वतःचंच जेवण जेवल्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानतं का?

कोणी आलंच नाही, तर सकाळी ते तेवण कावळ्यांना जाई. त्यामुळे त्या गावचे कावळे असे गुबगुबीत झाले होते, की दोघं एका फांदीवर बसले की तिसऱ्याला दुसरं झाड शोधावं लागे.

त्या बोलीत असे आणखीही शब्द होते. ज्याच्या घरात कसणारे हात उरले नाहीत, त्याच्या शेताला 'हातवड' म्हणत. पेरणीच्या दिवसांत सगळं गाव आधी हातवडीत नांगर घाली आणि मग आपापल्या शेताकडे वळे. का, असं कोणी विचारत नसे. हातवड म्हटलं की त्यात सगळं आलंच.

गावचा कारभार एका घराकडे होता. त्या घरात दोन भाऊ होते, एक थोरला, एक धाकटा. गावही त्यांना त्याच नावांनी हाक मारी. थोरला नेटका माणूस. चुलीतली लाकडंसुद्धा ओळीत लागलेली हवीत, असा. धाकट्याच्या गळ्यात सदा ढोलकं. त्याला कामाला लावलं, तर काम त्याच्याकडे बघून हसत बसे. आईबापांच्या मागे थोरल्यानंच त्याला वाढवलं होतं. खांद्यावर बसवून खिंड दाखवली होती, गुळाचा खडा हातावर ठेवून रडं थांबवलं होतं.

एका सुगीला धाकट्यानं रात्रीची राखण घेतली. पलीकडच्या वाडीतून ढोलाचा आवाज आला, आणि याचे पाय आपोआप तिकडे वळले. इकडे रानडुकरं शेतात शिरली. उभी नाचणी आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सांजेला धाकटा घरी आला आणि जणू काही झालंच नाही असा पाटावर बसला. थोरल्याच्या डोक्यात दिवसभर राग शिजत होता.

"ऊठ," तो म्हणाला. "या घरात तुजं काय बी न्हाई."

थोरल्याच्या बायकोच्या हातातली पळी हातातच राहिली. त्या गावात असं बोलणं वैऱ्याशीही कोणी बोललं नव्हतं. अनोळखी माणसाचंही जिथं प्रत्येक घरात काहीतरी असे, तिथं सख्ख्या भावाला 'काही नाही' म्हणणं म्हणजे त्याला माणसांतून उठवणं.

धाकटा ताटाला हात न लावता उठला. घोंगडं खांद्यावर टाकलं, ढोलकं गळ्यात अडकवलं. उंबऱ्यावर थांबून तो वळला. तोंडावर नेहमीचं हसू होतं, डोळे मात्र भरले होते.

"माजं नसंल, दादा. पर तेवण तरी असंल का न्हाई? भाऊ म्हणून न्हाई येणार मी. एक दिस वाटसरू हून येईन, या दारात हुबा ऱ्हाईन आन् तेवण मागंन. तवा मातुर न्हाई म्हणू नगंस."

"ये की. बघू," थोरला म्हणाला.

त्याला म्हणायचं होतं, 'बस खाली, येडा कुठला.' पण जीभ वळली नाही. धाकटा खिंडीत उतरला आणि दिसेनासा झाला.

त्या दिवसापासून त्या घरचं तेवण थोरला स्वतःच्या हातानं काढू लागला. भाकरी जरा मोठी, आणि शेजारी गुळाचा खडा. बायको बघे आणि वर दुरडी झाकी. दारात पाऊल वाजलं की थोरल्याचा घास तोंडाशी थांबे. आणि पावसाळ्यात तर त्याला झोप येत नसे. ती वाट, ते निसरडे कडे, आणि ढोलकं सांभाळत चालणारा तो बावळट पोर! पाय घसरला तर?

अशी काही वर्षं गेली, आणि एक दिवस, गाव ज्याच्या मुलखात मोडे त्या राजाचा दवंडीवाला धापा टाकत खिंड चढून आला.

राजाला म्हणे कोणीतरी सांगितलं होतं, की राज्यात बोल्या फार झाल्या, म्हणून राज्य एकजीव होत नाही. तेव्हा जे गाव शेतात, चुलीशी आणि पाळण्याशी दरबारी भाषा बोलेल, त्या गावाला राजा दगडी फरसबंदीचा रस्ता बांधून देईल. वर वेशीवर कमान.

गाव पारावर जमलं.

"रस्ता म्हंजी बैलगाडी दारात," एकजण म्हणाला.

"आन् बोली?"

"जाऊ दे की बोली. ती काय पायात घालाया हुती व्हय?"

सगळे हसले. थोरला हसला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर रस्ता उभा राहिला होता. रुंद, सपाट, कुठेही न निसरणारा. त्या रस्त्यानं ढोलकं वाजवत एक माणूस सुखरूप घरी येत होता. खोटं कशाला बोला, त्या रस्त्याच्या टोकाला कमान होती आणि कमानीखाली थोरला स्वतःही उभा दिसत होता. अंगावर शाल होती. माणसाच्या मनात चांगली इच्छा एकटी क्वचितच येते, सोबत एखादी पाव्हणी घेऊनच येते.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अवो, पर धाकले भावजी? त्ये येतील तवा काय बोलतील आन् आपुन काय बोलू?"

"रस्ता झाला की येईल," थोरला म्हणाला. "एकदा दारात आला की भाषा कोण बघतंय? मी त्याचं तोंड वळखंन की."

गावानं होकार कळवला.

राजानं भाषा शिकवायला एक गुरुजी धाडले. माणूस वाईट नव्हता. गोडाचा शौकीन, मुलांवर माया करणारा, आणि आपली भाषा जगातली सर्वांत स्वच्छ भाषा आहे असं मनापासून मानणारा. त्यानं एकच नियम घातला. ज्याच्या तोंडून जुना शब्द निघेल, त्यानं तोंडात पाण्याची चूळ धरून सूर्य मावळेपर्यंत उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात अर्धं गाव गाल फुगवून उभं होतं. म्हणतात, विहिरीचं पाणी तेव्हा हातभर खाली गेलं. नवरा-बायकोची भांडणं मात्र बंद झाली, तेवढा एक फायदा.

एके दिवशी थोरल्याच्या बायकोनं गुरुजींना विचारलं, "तेवणाला दरबारात काय म्हणत्यात?"

गुरुजींनी विचार केला. "तेवण म्हणजे ते झाकून ठेवलेलं ना? त्याला म्हणावं, उरलेलं अन्न."

"उरत न्हाई त्ये. आदी काढत्यात."

"आधी काढलेलं? मग तो नैवेद्य."

"निवद देवाचा. ह्ये मानसाचं."

"कोणत्या माणसाचं?"

"जो अजून आला न्हाई, त्याचं."

गुरुजी खदखदून हसले. "बाई, जो आलाच नाही, त्याचं काय असणार? दरबारी भाषेत याला शब्द नाही, कारण दरबारात अशी वस्तूच नाही. तुम्ही आपलं 'उरलेलं अन्न' म्हणा."

जमलेले लोकही हसले. बायकोनं थोरल्याकडे पाहिलं. थोरल्यानं मान खाली घातली आणि मग, सगळे बघताहेत म्हणून, तोही थोडासा हसला.

ते हसू फार लहान होतं. पण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या संध्याकाळी घरोघर तेवण निघालं, पण त्याला म्हणायचं उरलेलं अन्न. आठ-पंधरा दिवसांतच बायकांना लाज वाटू लागली. दारातल्या माणसाला 'उरलेलं आहे, घ्या' कसं म्हणायचं? काहींनी ते आत, कोपऱ्यात सरकवलं. काहींनी रात्रीच कुत्र्याला घातलं. मुलं विचारू लागली, "आई, उरलेलं ठेवायचं तर मुळात जास्त करायचंच कशाला?" प्रश्न अगदी बरोबर होता. दरबारी भाषेत त्याला उत्तर नव्हतं. हळूहळू चुलीवरचं पीठच मोजून पडू लागलं.

हातवडीचंही तेच झालं. गुरुजींनी तिला म्हटलं 'पडीक जमीन'. आता पडीक जमिनीत कोण आधी नांगर घालतो? पुढच्या पेरणीला सगळे आपापल्या शेतात गेले, आणि ती जमीन खरोखरच पडीक झाली.

कावळे मात्र वाळले. त्यांनी गावाच्या झाडांवर बसून काही दिवस शिव्या दिल्या, त्याही जुन्या बोलीत. मग एकेक करून खिंडीपलीकडे निघून गेले. गुरुजींना वाटलं, गाव स्वच्छ झालं.

एकाच घरात दुरडी अजून वैलावर होती. थोरल्याची बायको कोणाला दिसू नये अशी रोज ती भरायची. कोणी विचारलं तर 'उरलं होतं' म्हणायची. तो शब्द उच्चारताना तिला पाण्याची चूळ धरल्यासारखं वाटायचं. थोरला बघायचा. आता तो तेवण काढत नसे. लोक त्याला 'ग्रामाधिपती' म्हणू लागले होते, आणि ग्रामाधिपतीनं वैलाशी वाकावं हे बरं दिसत नव्हतं.

थोरल्याचा मुलगा मोठा झाला, घरात सून आली. सून गुणी होती, दरबारी भाषेत वाढलेली, गोड बोलणारी. सासूनं तिला दुरडी दाखवली, भरायला शिकवली. पण ती कशासाठी, हे सांगायला गेली तेव्हा तिला नव्या भाषेत शब्द सापडेनात, आणि जुने शब्द सुनेला कळेनात. "सांगन कधीतरी," ती म्हणाली. आणि त्या हिवाळ्यात सासू तापानं गेली.

थोरल्यानं सुनेला सांगायला हवं होतं. कितीदा त्याच्या मनात आलं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. पाटावरून उठवलेला भाऊ, तो उंबरा, ते 'काय बी न्हाई'. त्यानं विचार केला, रस्ता पुरा होऊ दे, मग सांगू. थोड्याच दिवसांत वैलावरची दुरडी माळ्यावर गेली. सून काटकसरी होती.

शेवटी रस्ता पुरा झाला. असा झाला, की ओलं पान पायाखाली आलं तरी पाय घसरायचं विसरून जाई. वेशीवर कमान उभी राहिली. राजा स्वतः यायचा होता, थोरल्याला शाल द्यायला.

त्या दिवशी सगळं गाव कमानीशी गेलं. घरी राहिली एक सून, पंगतीचा स्वयंपाक रांधत, आणि ओसरीवर बसलेला एक शेजारी. तो थोरल्याच्याच वयाचा होता, त्याला दम्यामुळे चालवत नव्हतं.

दिवस कलला होता. दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. पाय धुळीनं भरलेले, खांद्यावर विरलेलं घोंगडं, गळ्यात फुटकं ढोलकं. डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता. त्यानं हातानं चौकट चाचपली आणि हसला.

"तेवण हाय का?" त्यानं विचारलं.

सून बाहेर आली. "आजोबा, आपण कोणाकडे आलात?"

"कुणाकडं बी न्हाई, पोरी. तेवण हाय का?"

सुनेनं ओसरीवरच्या शेजाऱ्याकडे पाहिलं. "काका, हे काय मागताहेत?"

शेजाऱ्याला माणूस ओळखू आला नाही, तो शब्द मात्र ठाऊक होता. लहानपणी त्यानंही दारोदारी ऐकलेला. पण इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून आलं ते असं: "उरलेलं अन्न मागतोय."

सुनेचा चेहरा कसनुसा झाला. मुलगी चांगल्या मनाची होती हो, हे विसरू नका. ती पुढे होऊन म्हणाली, "छे, छे. आजोबा, आमच्या घरी उरलेलं कोणाला देत नाहीत. आज मोठी पंगत आहे. आत या, बसा. मी ताजं वाढते."

म्हातारा मुलूखभर फिरलेला होता. दरबारी भाषा त्याला समजत होती.

"ताजं मागाया मी भिकारी न्हाई, बाय," तो हळूच म्हणाला. "माजं आदीच काढून ठेवल्यालं असतं. चुलीच्या वैलावर. दुरडीखाली." मग त्यानं चौकटीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. "चौकट तर तशीच लागतीया हाताला. पर चौकटी काय, समद्याच सारख्या. वाट बी अशी गुळगुळीत नव्हती आमची. चुकलो म्हनायचं मी. ह्ये त्ये गाव न्हवं."

"कोणतं गाव शोधताय?"

"जिथं तेवण ठेवत्यात, त्ये."

सुनेनं गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं. त्यानं पाणी घेतलं. गूळ हातात घेऊन हुंगला, क्षणभर कसला तरी विचार केला, मग तो परत तिच्या तळहातावर ठेवला. "सुखी ऱ्हा," म्हणाला, आणि त्या सुंदर रस्त्याला लागला. कमानीशी राजाभोवती गर्दी होती, तिच्या कडेनं तो गेला तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं.

थोडा वेळ गेला आणि थोरला घरी आला. अंगावर शाल, कपाळाला गंध. पंगत बसली. सून वाढता वाढता हसून म्हणाली, "मामंजी, आज एक गंमतच झाली. एक आंधळे आजोबा आले होते, गळ्यात फुटकं ढोलकं. काय बरं मागत होते? काका, काय तो शब्द? हां, तेवण!"

थोरल्याच्या हातातला घास ताटात पडला.

तो शब्द त्यानं किती वर्षांत ऐकला नव्हता! त्या एका शब्दासरशी त्याच्या डोळ्यांपुढे चूल पेटली, दुरडी दिसली, बायकोच्या हातातली पळी दिसली. तो उष्ट्या हातानंच उठला.

"किती वेळ झाला?"

"आत्ताच तर गेले, मामंजी. रस्त्यानं."

थोरला धावला. शाल कमानीपाशी पडली, तिच्याकडे त्यानं वळून पाहिलं नाही. पहिल्या वळणावर आला तेव्हा सांजेच्या उजेडात, लांब खाली, रस्त्यावर एक ठिपका हलताना दिसला. त्यानं छातीत दम भरून हाक मारली.

हाक आली ती अशी: "हे कनिष्ठ बंधो! थांबावे!"

स्वतःचाच आवाज ऐकून तो थिजला. त्याला म्हणायचं होतं ते हे नव्हतं. लहानपणी नदीकाठी, रानात, जत्रेत, हजारदा मारलेली ती हाक! ती कशी होती? कुठून सुरू व्हायची? तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. जीभ टाळूला लागायची, पण पुढं काही येत नव्हतं. जणू कोणी न दिसणारी पाण्याची चूळ त्याच्या तोंडात भरून ठेवली होती. ठिपका वळणाआड गेला. थोरला धावत राहिला, पण म्हातारे गुडघे ते. आणि रस्ता चांगला असला की पुढे गेलेला माणूसही भरभर जातो, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

सकाळी तो कमानीच्या पायथ्याशी बसला होता. कमानीवर एक कावळा येऊन बसला. हडकलेला, पिसं गेलेला. त्याच गावच्या कावळ्यांपैकी एक.

"काय ग्रामाधिपती," कावळा जुन्या बोलीत म्हणाला, "शाल कुठं सांडली?"

"तुला... तुला आपली बोली येते अजून?"

"आमाला कोन चूळ धराया लावनार? आमच्या चोचीत पानी ठरत न्हाई."

"माझा भाऊ दिसला का तुला?"

"दिसला की. रातभर त्याच्यासंगं हुतो. तू हाक मारलीस ती त्यानं ऐकली."

थोरला उठून उभा राहिला. "मग थांबला का नाही?"

"म्हनला, कुनी थोर मानूस कुनाला तरी बलवतोया. आन् चालाया लागला."

थोरल्यानं डोळे मिटले. कावळा कमानीवर चोच घासत बसला, पण त्यालाही बरं वाटत नव्हतं. थट्टा करायला तो आला होता, आणि थट्टा त्याच्या घशातच राहिली.

"म्या सांगितलं त्याला," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हनलं, येड्या, त्येच तुजं गाव. फिर मागं. तर त्यानं माज्या अंगावरनं हात फिरवला, माजी हाडं चाचपली, आन् हसला. म्हनला, कावळ्या, भुकंनं काय बी बोलतूस. माज्या गावात कावळा बी उपाशी नसतो."

त्यानंतर थोरल्यानं माळ्यावरची दुरडी काढली. पडवीत बसवून सुनेला सगळं सांगितलं, पाटापासून उंबऱ्यापर्यंत. ती रडली. त्या संध्याकाळपासून तिनं सर्वांच्या आधी भाकरी काढली, वैलावर ठेवली, शेजारी गुळाचा खडा. गावातल्या काही घरांनीही तसं केलं. गुरुजी तोवर पार म्हातारे झाले होते. त्यांनी मुलांना तो शब्द फळ्यावर लिहून दिला. मुलं तो पाढ्यासारखा म्हणत. पण फळ्यावरचा शब्द चुलीवर यायला फार वेळ लागतो. काही मुलं मोठी होऊन गेली, तरी तो मध्येच कुठेतरी होता.

थोरला रोज सांजेला कमानीखाली बसे आणि येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला विचारी. वाटसरू सांगत, हो, भेटला होता. एकाला बंदरात भेटला, एकाला वाळवंटाच्या कडेला, एकाला बर्फाच्या मुलखात. गळ्यात ढोलकं. प्रत्येक गावात एकच विचारतो, 'तेवण ठेवनारं गाव हितनं किती लांब हाय?' लोक म्हणतात, असं गाव नाही. तो म्हणतो, हाय, म्या त्यात जल्मलोय. आणि पुढं जातो.

एका सांजेला थोरला कमानीखालीच डोळे मिटून बसला आणि उठला नाही. म्हणतात, त्याचे ओठ अर्धे उघडे होते, हाक मारताना असतात तसे. धाकटा मात्र अजून चालतोच आहे. रस्ते आता सगळीकडे चांगले झाले आहेत, त्यामुळे थांबायला त्याला काही कारणच पडत नाही.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुमच्या दारात कधी गळ्यात ढोलकं अडकवलेला म्हातारा उभा राहिला आणि न कळणाऱ्या शब्दात काही मागू लागला, तर अर्थ विचारत बसू नका. एवढंच म्हणा, "हाय. हात धुवा." घरात त्याच्यासाठी आधी काढून ठेवलेलं काही असलं, तरच म्हणा.

बोध एवढाच: आपली बोली आपण टाकली, की तिच्या खुणेनं घराकडे येणारी आपलीच माणसं आपल्याच दारातून परत जातात.